हृदयचित्रांचे दप्तर

पूर्वेस वर्धा आणि दक्षिणेस पैनगंगा या नद्यांनी ज्याची सीमा आखली आहे, वणीपासून उमरखेडपर्यंत ज्याचे सोळा तालुके १३,५८२ चौरस किलोमीटर भूमीवर विखुरलेले आहेत, आणि २०११ च्या शिरगणतीत ज्याची लोकसंख्या २७,७२,३४८ नोंदली गेली, त्या यवतमाळ जिल्ह्यात हृदयविकाराच्या रुग्णाला तज्ज्ञाच्या दृष्टीसमोर आणणे हा प्रथमतः अंतराचा प्रश्न आहे. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून उभे आहे; त्यापुढील उपचारासाठी सुमारे दीडशे किलोमीटरांवरील नागपूर गाठावे लागते, आणि पुसद, उमरखेडकडील लोक पैनगंगा ओलांडून नांदेडची वाट धरतात. हृदयाचे चित्र आता क्षणार्धात दूर पाठविता येते, हे खरे. परंतु ज्या तज्ज्ञाने पंचवीस-तीस वर्षे सहस्रावधी हृदये पाहिली आहेत, त्याच्या स्मृतीत साठलेली ती सारी हृदये त्या चित्राच्या वाटेने उलट दिशेस, पांढरकवड्याच्या वा झरी जामणीच्या तरुण वैद्याकडे, येऊ शकत नाहीत. ‘असे हृदय मी पूर्वी पाहिले आहे, आणि त्या रुग्णाचे पुढे असे असे झाले’ हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार अनुभवाला असतो, आणि अनुभव तर व्यक्तीबरोबर बदलीवर जातो, निवृत्त होतो व अखेरीस लयाला जातो. ही स्मृती व्यक्तीच्या बाहेर, सर्वांना उपलब्ध होईल अशा स्वरूपात मांडता येईल काय, या प्रश्नातून संगणकशास्त्राची एक शाखा गेल्या तीन-चार दशकांत वाढली आहे. हृदयाच्या चित्रांची सूची सिद्ध करणे आणि नव्या चित्राशी सदृश अशी जुनी चित्रे त्या संग्रहातून शोधून काढणे, हे तिचे कार्य होय.

प्रथम या चित्रांचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर हे वैद्य आणि कार्ल हेल्मुट हर्ट्झ हे भौतिकीविद यांनी, धातूतील अदृश्य भेगा हुडकण्यासाठी कारखान्यांत वापरले जाणारे श्राव्यातीत ध्वनीचे उपकरण उसने घेऊन, त्याने जिवंत हृदयाच्या भित्तींचे प्रतिध्वनी नोंदविले. ज्या तपासणीला आज तालुक्याच्या गावीही लोक नुसते ‘इको’ म्हणतात, तिचा आरंभ हा असा झाला. शरीरातील मऊ ऊतींमधून ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. म्हणजे छातीवर टेकविलेल्या प्रोबमधून निघालेला स्पंद पंधरा सेंटिमीटर खोलवर जाऊन परत येण्यास सेकंदाचा सुमारे पाचहजारावा भाग पुरतो, आणि म्हणूनच एका सेकंदात हृदयाची पन्नास-पन्नास चित्रे घेऊन त्याचे आकुंचन-प्रसरण चालत्या रूपात दाखविता येते. अशा एका दोन सेकंदांच्या तुकड्यात, चित्राची लांबी-रुंदी ८०० व ६०० बिंदूंची धरली तर, शंभर चित्रांचे मिळून ४ कोटी ८० लक्ष बिंदू होतात; आणि एका रुग्णाच्या एका तपासणीत असे अनेक तुकडे असतात. याखेरीज रोहिणीत रंजकद्रव्य सोडून घेतलेली अँजिओग्राफीची चित्रे, सीटी स्कॅनचे छेद व एमआरआयच्या चित्रमालिका वेगळ्याच. हा सारा संभार त्या दिवसापुरता उपयोगी पडतो: वैद्य तो पाहतो, चार ओळींचा अहवाल लिहितो, आणि चित्रे यंत्राच्या पोटात कोठेतरी पडून राहतात, जागा भरली की पुसली जातात.

संग्रह टिकविला तरी त्यातून हवे ते हाती लागेलच असे नाही. वैद्यकीय चित्रे एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात वाचता यावीत यासाठी अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या व उपकरणनिर्मात्यांच्या संघटनांनी मिळून १९८५ साली एक प्रमाण-पद्धती प्रसिद्ध केली, आणि १९९३ साली तिला ‘डायकॉम’ हे आजचे नाव व रूप प्राप्त झाले. या पद्धतीनुसार प्रत्येक चित्राच्या आरंभी एक शीर्षलेख असतो आणि त्यात रुग्णाचे नाव, वय, तारीख, यंत्राचा प्रकार, बिंदूंमधील अंतर अशा गोष्टी ठराविक क्रमांकांच्या रकान्यांत नमूद होतात. हे रकाने म्हणजे दप्तराची पहिली फेरिस्त. पण तिचा आवाका मर्यादित आहे. अमक्या तारखेची, चाळीस वर्षांवरील स्त्रियांची इको-चित्रे काढा, असा हुकूम ती तत्काळ बजावील. मात्र डाव्या अलिंदाचा आकार वाढलेला आहे आणि मायट्रल झडप पुरती उघडत नाही अशी चित्रे काढा, असे म्हटले तर ती निरुत्तर होते, कारण ही माहिती रकान्यांत कोणी लिहिलेलीच नसते. इतकेच काय, छातीच्या कोणत्या बाजूने व कोणत्या कोनातून हृदय पाहिले ही प्राथमिक बाबही इकोच्या शीर्षलेखात बहुधा आढळत नाही.

यावर पहिला उपाय म्हणजे शब्दांची शिस्त. ज्ञानाच्या कोणत्याही वस्तूला एकच एक खण नेमून देण्याऐवजी तिच्या निरनिराळ्या पैलूंचे स्वतंत्र वर्गीकरण करावे आणि मग ते पैलू जोडून तिचा क्रमांक बनवावा, हा विचार ग्रंथालयशास्त्रात आपल्याच देशाच्या एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणात पद्धतशीरपणे मांडला होता. जर्मनीतील आखेन विद्यापीठात थॉमस लेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या आरंभी वैद्यकीय चित्रांसाठी जी ‘इर्मा’ नावाची संकेत-पद्धती रचली, तिच्यातही हाच पैलूंचा विचार दिसतो: चित्र कोणत्या तंत्राने घेतले, कोणत्या दिशेने घेतले, शरीराच्या कोणत्या भागाचे घेतले, आणि कोणत्या जैविक संस्थेच्या संबंधात घेतले, अशा चार अक्षांवर प्रत्येक चित्राला अंक मिळतात. हृदयापुरते बोलायचे तर २००२ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने डाव्या निलयाच्या स्नायूचे सतरा खंड निश्चित केले. त्यामुळे इको, एमआरआय किंवा आण्विक तपासणी यांपैकी काहीही असो, ‘सातव्या खंडाची हालचाल मंदावली आहे’ या विधानाचा अर्थ यवतमाळात व आखेनमध्ये एकच होतो. ज्या यवतमाळात डॉ. य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रमाच्या द्वारे जुन्या हस्तलिखितांचा शोध, संग्रह व अभ्यास यांत आयुष्य वेचले, त्या गावाला हे निराळे सांगावयास नको की नोंद नसलेली पोथी जळून गेलेल्या पोथीपेक्षा फारशी अधिक उपयोगी नसते.

शब्दांची शिस्त आवश्यक खरी, परंतु ती पुरेशी नाही. कारण चित्र पाहून शब्द लिहिणारा मनुष्य हवा, त्याला वेळ हवा, आणि दोन माणसांनी एकाच चित्राला एकच शब्द लावावा ही अपेक्षा व्यवहारात वारंवार भंग पावते. म्हणून दुसरा मार्ग निघाला, आणि तो म्हणजे चित्रातील आशयावरूनच सूची करण्याचा. १९९२ च्या सुमारास जपानमधील तोशिकाझु काटो यांनी या विचाराला ‘आशयाधारित चित्रशोध’ हे रूढ नाव दिले. त्याची मूळ कल्पना सोपी आहे. चित्रातून काही गुणधर्म मोजून काढावयाचे, त्या मापांची एक अंकमाला बनवावयाची, आणि दोन चित्रांच्या अंकमालांमधील अंतर जितके कमी तितकी ती चित्रे सदृश मानावयाची. कोणते गुणधर्म मोजावयाचे यातच खरी कला होती. रॉबर्ट हॅरलिक यांनी १९७३ साली चित्राच्या पोताची चौदा मापे सुचविली, ज्यांत शेजारशेजारच्या बिंदूंच्या करड्या छटा परस्परांशी कशा जुळतात अथवा विसंगत असतात याचा हिशेब असतो. हृदयाच्या स्नायूत अनैसर्गिक द्रव्य साचले तर इकोमध्ये त्याचा पोत बदललेला दिसतो, आणि असा पोत मोजता येतो. याच विषयात पैनगंगेपलीकडील नांदेड येथे, १९८१ साली स्थापन झालेल्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत, दीर्घकाळ कार्य झालेले आहे. तेथील प्राध्यापक मनेश कोकरे यांनी पी. के. बिस्वास व बी. एन. चटर्जी यांच्यासमवेत २००२ साली आशयाधारित चित्रशोधाच्या पद्धतींचे समालोचन प्रसिद्ध केले, आणि २००५ साली निरनिराळ्या दिशांना संवेदनशील अशा तरंगिका-गाळण्यांच्या साहाय्याने पोतावरून चित्रे शोधण्याची रीत मांडली. ही रीत केवळ वैद्यकीय चित्रांपुरती नव्हती. परंतु पोत दिशेसकट ओळखता येणे ही वैद्यकीय चित्रांची फार मोठी गरज आहे.

हाडाचे किंवा फुप्फुसाचे चित्र शोधणे आणि हृदयाचे चित्र शोधणे यांत मात्र एक मूलभूत भेद आहे, आणि तो असा की हृदय स्थिर राहत नाही. एकाच निरोगी मनुष्याचे हृदय बरगड्यांच्या फटीतून उभे पाहिले तर एक चित्र दिसते, आडव्या छेदात पाहिले तर दुसरे, टोकाकडून पाहिले तर चारही कप्पे दिसणारे तिसरे; आणि यांपैकी प्रत्येक चित्रही एका ठोक्याच्या अवधीत आकुंचन-प्रसरणाच्या सर्व अवस्थांतून जाते. दोन भिन्न रुग्णांची एकाच बाजूने घेतलेली चित्रे जितकी सारखी दिसतात, तितकी एकाच रुग्णाची दोन बाजूंनी घेतलेली चित्रे सारखी दिसत नाहीत. म्हणून केवळ बिंदूंची तुलना करणारे यंत्र सदृश रोगाऐवजी सदृश कोन शोधून देईल. त्यामुळे पहिली पायरी म्हणजे चित्र कोणत्या बाजूचे आहे हे ठरविणे. या कामात यंत्राने लक्षणीय प्रगती केली आहे. २०१८ साली अली मदानी, रिमा अर्नाउट व सहकारी यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पंधरा बाजूंपैकी बाजू ओळखण्याचे काम लहान आकाराच्या सुट्या चित्रांवर दिले असता यंत्राचा निर्णय ९१.७ टक्के वेळा बरोबर ठरला, तर त्याच चित्रांवर मान्यताप्राप्त तज्ज्ञांचे प्रमाण ७०.२ ते ८४.० टक्के होते.

दुसरी पायरी काळाची. इकोच्या वेळी रुग्णाच्या अंगाला ईसीजीच्या तारा जोडलेल्या असतात, आणि पडद्याच्या तळाशी त्याची रेषा धावत असते. त्या रेषेतील उंच टोक म्हणजे निलयांच्या आकुंचनाच्या आरंभाची खूण. तिच्या आधारे प्रत्येक चित्र ठोक्याच्या कोणत्या अवस्थेतले हे सांगता येते. परंतु एकाचे हृदय मिनिटाला साठ वेळा व दुसऱ्याचे शंभर वेळा धडधडत असेल, तर घड्याळाच्या मापाने केलेली तुलना फसते. येथे मूळ वाणी-ओळखीसाठी विकसित झालेली एक युक्ती कामास येते: एकच शब्द कोणी सावकाश उच्चारला व कोणी घाईने उच्चारला तरी तो ओळखता यावा म्हणून काळाची पट्टी जागोजागी ताणून वा आखडून दोन क्रमांची जास्तीत जास्त अनुरूप जुळणी शोधणारी गणितपद्धती जपानमध्ये साकोए व चिबा यांनी १९७८ साली सुस्थिर केली; हृदयाच्या दोन ठोक्यांची जुळणी तिनेही करता येते. तिसरी पायरी मोजमापाची. यंत्र निलयाची आतील कड आखते, प्रसरणाच्या व आकुंचनाच्या अखेरीस त्यातील रक्ताचे आकारमान काढते. समजा ते अनुक्रमे १२० व ५० मिलिलिटर आले, तर बाहेर फेकल्या गेलेल्या ७० मिलिलिटरांचे १२० शी प्रमाण सुमारे ५८ टक्के भरते. या एका अंकाला हृदयवैद्य ‘ईएफ’ म्हणतात, आणि तो चाळिसाच्या खाली गेला की उपचाराची दिशा बदलते. कड, आकारमान, भित्तीची जाडी, झडपेच्या पाकळीचा वेग, रक्ताचा वेग दाखविणाऱ्या डॉप्लरच्या आलेखाचा घाट, अशी मापे एकत्र गुंफली म्हणजे त्या हृदयाची अंकमाला तयार होते.

२०१२ नंतर बहुस्तरीय कृत्रिम मज्जाजालांचा प्रसार झाला, आणि कोणते गुणधर्म मोजावेत हेही मनुष्याने ठरविण्याची गरज पुष्कळ अंशी संपली. अशा जालाला लक्षावधी चित्रे दाखविली जातात आणि एकच अट घातली जाते: जी चित्रे तज्ज्ञांनी एका जातीची ठरविली आहेत त्यांच्या अंकमाला परस्परांजवळ याव्यात, आणि भिन्न जातीच्या चित्रांच्या दूर जाव्यात. चुकीगणिक जालातील अंतर्गत गुणक किंचित सुधारले जातात, आणि ही क्रिया असंख्य वेळा घडल्यानंतर कोट्यवधी बिंदूंचा चित्रतुकडा, उदाहरणार्थ, ५१२ अंकांच्या एका मालेत संक्षिप्त होतो. त्या अंकांपैकी एकेकट्याला अर्थ नसतो. अर्थ असतो तो त्यांच्या परस्पर अंतराला. मग प्रश्न उरतो जलद शोधाचा. संग्रहात दहा लाख माला असतील तर नव्या मालेची प्रत्येकीशी तुलना करणे खर्चिक. आणि १९७५ साली जॉन बेंटली यांनी मांडलेली, अवकाशाचे क्रमाने दोन-दोन भाग करीत जाणारी वृक्षरचना थोड्या मापांसाठी उत्तम असली तरी शेकडो मापांच्या अवकाशात तिचा वेग नाहीसा होतो. येथे थोडी अचूकता सोडून पुष्कळ वेग मिळविण्याचा मार्ग उपयोगी पडला, ज्याचा सैद्धांतिक पाया पिओत्र इंडिक व राजीव मोटवानी यांनी १९९८ साली घातला. त्याच्या एका प्रचलित रूपात अंकमालांच्या अवकाशातून यदृच्छया काही प्रतले काढतात. माला प्रतलाच्या एका अंगास असेल तर शून्य, दुसऱ्या अंगास असेल तर एक, अशी खूण देतात. जवळच्या मालांच्या खुणा बहुधा सारख्या येतात, म्हणून त्या एकाच खणात जाऊन बसतात, आणि नव्या मालेचा शोध केवळ तिच्या खणापुरता व शेजारच्या खणांपुरता घ्यावा लागतो.

या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजन न्यायालयाच्या उपमेने चांगले स्पष्ट होईल. यंत्राने रुग्णाचे चित्र पाहून ‘हा अमुक रोग’ असा निवाडा देणे ही एक गोष्ट, आणि ‘या हृदयासारखी ही दहा हृदये पूर्वी दप्तरी दाखल आहेत, त्यांचे निदान हे, त्यांना दिलेला उपचार हा, आणि परिणाम हा’ अशा नजिरी पुढे ठेवणे ही दुसरी गोष्ट. पहिल्या प्रकारात वैद्याला यंत्रावर विश्वास ठेवावा लागतो. दुसऱ्यात निवाडा त्याच्याच हाती राहतो, आणि नजीर गैरलागू असेल तर ती नाकारण्याची मोकळीक त्याला असते. कॅलिफोर्नियातील आयबीएमच्या अल्माडेन संशोधनशाळेत तनवीर सय्यदा-महमूद व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मांडलेली ‘आलीम’ ही पद्धती याच धर्तीची होती: ईसीजी, हृदयध्वनी व इको या तिन्हींवरून सदृश रुग्ण शोधून त्यांच्या निदानांचा गोषवारा वैद्यापुढे ठेवणे, हा तिचा हेतू. अशा पद्धतीचे मूल्यमापन दोन मापांनी होते. समजा, संग्रहात मायट्रल झडप अरुंद झालेले पन्नास रुग्ण आहेत, आणि यंत्राने काढून दिलेल्या वीस चित्रांपैकी पंधरा खरोखर त्या रोगाची निघाली. तर दिलेल्यांपैकी योग्य किती, या मापाने यश ७५ टक्के, परंतु असलेल्यांपैकी सापडली किती, या मापाने केवळ ३० टक्के. वैद्याला दहा चांगल्या नजिरी पुरे असतील तर पहिले माप महत्त्वाचे. संशोधकाला त्या रोगाचे सर्व रुग्ण हवे असतील तर दुसरे.

येथवर विषय गणिताचा होता. येथून पुढे तो आपल्या जिल्ह्याचा होतो. कारण सादृश्य म्हणजे काय, हे यंत्र स्वतःहून जाणत नाही. ज्या संग्रहावर ते घडले, त्या संग्रहाची दृष्टी घेऊनच ते पाहते. एखाद्या रुग्णालयात एका कंपनीचे यंत्र आणि दुसऱ्यात दुसऱ्या कंपनीचे असेल, तर रोगाऐवजी यंत्राच्या छटेवरूनच ते चित्रे जवळ आणण्याचा संभव असतो. त्याहून खोल दोष संग्रहाच्या माणसांचा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२० साली संशोधकांसाठी खुला केलेला १०,०३० इको-चित्रफितींचा संग्रह, फ्रान्समधील दिजों येथील १५० रुग्णांच्या एमआरआयचा २०१७ मधील संग्रह, हे या शास्त्राचे मोठे आधार आहेत आणि त्यांच्या कर्त्यांचे ऋण सर्वांनी मानले पाहिजे. पण ती हृदये कॅलिफोर्नियातील व बर्गंडीतील आहेत. केळापूर, मारेगाव, झरी जामणी, घाटंजी या तालुक्यांत गोंड, परधान, कोलाम आदी समाजांत सिकलसेल आढळतो. रक्ताच्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन तुटत राहतात, दीर्घ पांडुरोगामुळे हृदयाला अधिक रक्त फेकावे लागते, त्याचे कप्पे रुंदावतात, आणि काहींच्या फुप्फुसांतील रक्तदाब वाढतो. डॉप्लरवर उजव्या बाजूच्या झडपेतून मागे फिरणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला अडीच मीटर वा अधिक भरला तर तो पुढील धोक्याचा इशारा समजला जातो, हे २००४ पासून प्रस्थापित आहे. या आजाराच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू केली. अशा रुग्णाचे रुंदावलेले हृदय जर स्टॅनफर्डच्या संग्रहावर घडलेल्या यंत्रापुढे ठेवले, तर ते त्याचे नाते अन्य कारणांनी रुंदावलेल्या हृदयांशी जोडून मोकळे होईल, कारण त्याच्या स्मृतीत या जातीची हृदये पुरेशी नसतील.

संधिवाती ज्वराच्या मागून येणाऱ्या झडपांच्या विकाराचीही हीच कथा. बालपणी घशाला झालेला साधा संसर्ग, त्यानंतर सांध्यांची सूज, आणि पुष्कळ वर्षांनी, बहुधा पहिल्या गरोदरपणात, दम लागण्याचे निमित्त होऊन उघडकीस येणारी अरुंद मायट्रल झडप: श्रीमंत देशांत हा रोग दुर्मीळ झाला, आपल्याकडे तो अद्याप आहे. त्याच्या चित्रात झडपेची पुढची पाकळी टोकाशी अडकून मध्येच वाकते. अनुभवी डोळ्याला ही वाकण एका दृष्टिक्षेपात दिसते, आणि अननुभवी डोळा ती सहज ओलांडून जातो. वेळीच ओळखले तर दर तीन-चार आठवड्यांनी दिल्या जाणाऱ्या पेनिसिलिनच्या सुईने पुढील हानी पुष्कळ अंशी थांबविता येते. आणखी एक उदाहरण या भूमीने फार मोठी किंमत देऊन जगापुढे ठेवले आहे. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यातील अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांची बाधा हृदयाच्या विद्युत्क्रियेवरही होते, ईसीजीतील ‘क्यूटी’ नावाचे अंतर लांबते आणि प्राणघातक अनियमित ठोके पडू शकतात. असे आलेख ज्या दप्तरात क्रमवार व परिणामासह जपलेले असतील, तेथील वैद्याला पुढच्या हंगामात आलेल्या रुग्णाकडे अधिक सावध नजरेने पाहता येईल.

स्वतःचा संग्रह करणे हे काम आपल्या आटोक्याबाहेरचे आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. त्याचे उत्तर नांदेडनेच दिलेले आहे. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला होणाऱ्या विकाराची ५१६ चित्रे, नांदेडमधील एका नेत्रचिकित्सालयात घेतलेली, प्रसन्ना पोरवाल, मनेश कोकरे व सहकारी यांनी वर्गवारी करून, त्यांपैकी ८१ चित्रांत विकृतीचा प्रत्येक बिंदू तज्ज्ञांकडून आखून घेऊन, २०१८ साली ‘आयडीआरआयडी’ या नावाने सर्व जगाला खुली केली. त्याच वर्षी अमेरिकेत वॉशिंग्टन येथे भरलेल्या परिषदेत नाना देशांच्या संशोधकांनी आपापली यंत्रे या मराठवाड्यातील चित्रांवर पारखून घेतली. चित्रांची संख्या पाचशेच्या वर थोडीच होती. परंतु प्रत्येक चित्राची नोंद विश्वासार्ह होती, आणि संग्रहाला प्रमाणत्व येते ते या विश्वासार्हतेमुळे. जे डोळ्याच्या पडद्याच्या बाबतीत घडले ते हृदयाच्या बाबतीत अधिक कठीण आहे, कारण तेथे चित्र हलते आणि एका रुग्णाच्या अनेक बाजू टिपाव्या लागतात. पण कठीण म्हणजे असाध्य नव्हे.

एक मर्यादा मात्र कसोशीने पाळली पाहिजे. इकोच्या चित्रावर पुष्कळदा रुग्णाचे नाव चित्राच्या बिंदूंतच छापलेले असते. शीर्षलेखातले नाव खोडले तरी हे नाव उरते, म्हणून ते स्वतंत्रपणे पुसावे लागते. आणि नाव पुसले म्हणजे ओळख पुसली असेही नाही. लहानशा कोलाम पोडावर जन्मतः हृदयदोष असलेले एकच मूल असेल, तर तालुका, वय व दोष एवढ्या तीन नोंदी त्याच्या घराचा पत्ता सांगण्यास पुरतात. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने संमतीचे तत्त्व मान्य केले आहे. पण कागदावर अंगठा उमटविणे आणि गोंडी वा कोलामी बोलणाऱ्या मातेला तिच्या भाषेत, हे चित्र कोण पाहील व कशासाठी, हे समजावून सांगणे यांतले अंतर कायदा स्वतः भरून काढू शकत नाही. ज्यांच्या हृदयांवरून यंत्राला दृष्टी यावयाची, त्यांना त्या दृष्टीचा लाभ प्रथम मिळावा, ही अट नैतिक आहे तशीच व्यवहार्यही आहे. कारण लोकांचा विश्वास उडाला की संग्रह तेथेच थांबतो.

आरंभ करावयाचा तर तो महागड्या संगणकापासून करण्याची आवश्यकता नाही. आज होणाऱ्या प्रत्येक इकोची मूळ चित्रफीत जपून ठेवणे; चित्राची बाजू, ईसीजीची रेषा आणि मोजलेली मापे ठराविक शब्दांत नोंदविणे; निदान ज्या वैद्याने केले त्याचे पद व दिनांक लिहिणे; सहा महिन्यांनी वा वर्षाने रुग्ण परत आला की त्याच क्रमांकाखाली पुढील हकीकत रुजू करणे; आणि संमतीचा दाखला त्या नोंदीपासून कधीही विलग न होऊ देणे: एवढी पाच कामे शिस्तीने झाली तर सूची करण्याचे गणित जगात तयार आहे, आणि त्यातील बरेचसे विनामूल्य उपलब्ध आहे. यांपैकी चौथे काम सर्वांत दुर्लक्षित व सर्वांत मोलाचे होय, कारण परिणाम माहीत नसलेली नजीर वैद्याला अर्धेच सांगते. वैद्यकीय महाविद्यालयाकडे रुग्ण आहेत, नदीपलीकडे चित्रशोधाची विद्या जाणणारे अभियंते आहेत, आणि दोहोंची भाषा एक आहे. असा योग फार थोड्या प्रदेशांच्या वाट्याला येतो.

ज्याला पाहणे म्हणतात, ते पुष्कळ अंशी ओळखणे असते, आणि ओळखण्यासाठी पूर्वी पाहिलेले जवळ असावे लागते. हे सूत्र माणसाला जितके लागू तितकेच यंत्रालाही लागू आहे. परदेशातून यंत्र विकत आणता येते, त्याचे गणितही शिकून घेता येते. परंतु मारेगावच्या सिकलसेलग्रस्त मुलाचे किंवा दारव्ह्याच्या गर्भवतीचे हृदय त्याला ओळखता यावे यासाठी लागणारी स्मृती कोणत्याही बाजारात मिळत नाही. ती या जिल्ह्याच्या रुग्णालयांत, या जिल्ह्याच्या वैद्यांनी, येथील माणसांच्या संमतीने, एकेक नोंद करीतच उभारावी लागेल, आणि जितक्या लवकर हे काम हाती घेतले जाईल तितकी कमी हृदये अनोळखी म्हणून परत जातील.